कारच्या टायरमध्ये हवा किती भरायची? योग्य प्रेशर कुठे बघायचं, कधी मोजायचं आणि कधी बदलायचं

मागच्या मे महिन्यात आम्ही पुण्याहून नागपूरला कारने निघणार होतो. आदल्या संध्याकाळी पंपावर हवा भरायला गेलो. हवा भरणाऱ्या मुलाने विचारलं, "किती टाकू?" मी म्हणालो, "पस्तीस." शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "अरे, उन्हाळा आहे, हवा फुगते. तीसच ठेव." तो मुलगा म्हणाला, "दादा, सगळे तेहतीसच टाकतात."

तिघांची तीन उत्तरं, आणि योग्य आकडा ज्या स्टिकरवर छापलेला असतो तो आमच्यापासून हातभर अंतरावर, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर होता. तो कुणीच वाचला नाही. मी स्वतः इंजिनिअर, तरी मला तो स्टिकर रात्री सामान भरताना दिसला.

दुसऱ्या दिवशी समृद्धी महामार्गावर पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन तासन् तास जायचं होतं. अशा प्रवासात टायरमधली हवा हा मायलेजचा मुद्दा उरत नाही, तो सुरक्षेचा मुद्दा होतो. म्हणून हा लेख. तुमच्या गाडीसाठी योग्य प्रेशर कसं ठरवायचं, त्यामागचं कारण काय आणि यातले कोणते समज चुकीचे आहेत, हे आपण एकेक करून बघू.

## थोडक्यात उत्तर

घाईत असाल तर एवढं लक्षात ठेवा:

- योग्य आकडा ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. काही गाड्यांमध्ये तो पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतो. मॅन्युअलमध्ये तर असतोच.
- टायरवर कोरलेला 'मॅक्स' आकडा म्हणजे तुमच्या गाडीचं योग्य प्रेशर नाही.
- स्टिकरवरचा आकडा थंड टायरसाठी असतो. गाडी किमान ३ तास उभी असेल तेव्हा मोजा.
- गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली असेल, तर स्टिकरवरचा 'फुल लोड'चा आकडा वापरा.
- उन्हाळा आहे म्हणून हवा कमी करू नका.
- महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी तपासा. स्टेपनीसकट.

## पीएसआय म्हणजे काय?

पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर किती पाऊंड दाब आहे ते. आपल्याकडे पंपावर हेच एकक चालतं. स्टिकरवर कधी कधी बार किंवा केपीए (किलोपास्कल) असतं. हिशोब सोपा आहे: १ बार म्हणजे १०० केपीए म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. स्टिकरवर २३० केपीए किंवा २.३ बार लिहिलं असेल, तर ते ३३ पीएसआय झालं.

आता थोडं गणित करू. समजा माणसं धरून गाडीचं वजन १,२०० किलो आहे. चार टायर, म्हणजे प्रत्येकावर साधारण ३०० किलो. ३३ पीएसआय म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो. ३०० भागिले २.३ केलं की उत्तर येतं साधारण १३० चौरस सेंटिमीटर. एक टायर रस्त्याला अंदाजे एवढाच टेकलेला असतो. पोस्टाचं साधं कार्ड डोळ्यासमोर आणा, जवळपास तेवढीच जागा!

प्रत्यक्षात टायरचं रबर आणि आतल्या तारा थोडं वजन पेलतात, त्यामुळे हा आकडा ढोबळ आहे. पण मुद्दा कळतो. गाडीचं वजन मुख्यतः आतली हवा उचलते. ब्रेक, वळण, ओल्या रस्त्यावरची पकड, सगळं त्या चार पोस्टकार्डांवर अवलंबून असतं. हवा कमी झाली की तेवढंच वजन उचलायला टायरला जास्त पसरावं लागतं. २४ पीएसआयला हीच जागा जवळपास १८० चौरस सेंटिमीटर होते. 'जास्त जागा म्हणजे जास्त पकड' असं वाटेल, पण त्याची किंमत काय असते ते पुढे येतंच.

## टायरवर लिहिलेला आकडा का नाही वापरायचा?

हा सगळ्यात जास्त आढळणारा गैरसमज. टायरच्या बाजूच्या भिंतीवर, म्हणजे साइडवॉलवर, ४४ किंवा ५१ पीएसआय असा मोठा आकडा असतो. काही जण तोच भरून घेतात.

तो आकडा टायरची कमाल मर्यादा सांगतो. टायर बनवणाऱ्या कंपनीला तो टायर कुठल्या गाडीला बसणार हे माहीत नसतं. एकाच मापाचा टायर हलक्या हॅचबॅकलाही बसू शकतो आणि तिच्याहून जड सेडानलाही. योग्य प्रेशर ठरवते गाडी बनवणारी कंपनी, कारण गाडीचं वजन, ते पुढे-मागे कसं विभागलंय, सस्पेन्शन आणि ब्रेक कसे आहेत, हे तिलाच माहीत असतं.

प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं, तर टायरवरचा आकडा म्हणजे कमाल मर्यादा आणि दारावरचा आकडा म्हणजे तुमच्या मशीनसाठीचं कॉन्फिगरेशन. कमाल मर्यादेलाच कुणी डीफॉल्ट सेटिंग करत नाही.

टायरवरची बाकीची माहिती मात्र कामाची असते. उदाहरणार्थ १८५/६५ आर१५ ८८एच. यात १८५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १५ म्हणजे इंचांत रिमचं माप. ८८ हा लोड इंडेक्स, म्हणजे हा टायर जास्तीत जास्त ५६० किलो पेलू शकतो. 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. पण ही क्षमता पुरेशी हवा असेल तरच मिळते. हवा घटली की वजन पेलण्याची क्षमताही घटते.

## स्टिकर कसा वाचायचा?

स्टिकरवर सहसा टायरचं माप, पुढच्या आणि मागच्या टायरसाठी वेगळे आकडे आणि वजनानुसार दोन रकाने असतात: एक दोन-तीन माणसांसाठी, दुसरा गाडी पूर्ण भरलेली असताना. तिथे अनेकदा माणसाचं आणि बॅगेचं छोटं चित्र असतं.

आपल्याकडच्या बऱ्याच हॅचबॅक, सेडान आणि छोट्या एसयूव्हींचे आकडे ३० ते ३६ पीएसआयच्या आसपास असतात. पण 'आसपास'वर भरवसा ठेवू नका. एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटना वेगळे रिम असतील, तर आकडेही वेगळे असू शकतात. इलेक्ट्रिक कार बॅटरीमुळे जड असतात, त्यांचा आकडा बरेचदा यापेक्षा वरचा असतो.

आमच्या स्टिकरवर तीन माणसांपर्यंत चारही टायरना ३३ होतं आणि पूर्ण वजनाला मागच्या टायरना ३६. म्हणजे पंपावरच्या मुलाचं ३३ रोजच्यासाठी बरोबर होतं, पण पाच माणसं आणि डिकीभर बॅगा असताना मागे कमीच पडलं असतं. माझं पस्तीस अंदाजपंचे होतं. आणि बाबांचं तीस सगळ्यात धोकादायक होतं, कारण ते ऐकायला सगळ्यात समजूतदारपणाचं वाटतं.

## 'थंड टायर' म्हणजे नक्की काय?

गाडी चालली की टायर सतत दबतो आणि सुटतो. त्यातून रबर गरम होतं, आतली हवा गरम होते आणि दाब वाढतो. अर्धा-एक तास हायवेवर चालवल्यानंतर दाब ३ ते ५ पीएसआयने वाढलेला दिसणं अगदी नॉर्मल आहे.

म्हणून नियम असा: गाडी किमान ३ तास उभी असावी, किंवा दीड किलोमीटरपेक्षा कमी चाललेली असावी. सगळ्यात चांगली वेळ सकाळची. एका बाजूला ऊन असेल, तर त्या बाजूचे टायर जास्त आकडा दाखवतात, म्हणून सावलीत मोजा.

पंप दूर असेल तर? दोन पर्याय आहेत. घरी थंड असताना मोजा, किती कमी आहे ते लिहून घ्या आणि पंपावर तेवढंच वाढवा. समजा घरी २९ होतं आणि हवं होतं ३३, तर ४ वाढवायचे. पंपावर पोचेपर्यंत तो ३१ दाखवत असेल, तर ३५ करा. दुसरा पर्याय: टायर गरमच असतील, तर स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा ४ पीएसआय जास्त भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना पुन्हा तपासून जुळवून घ्या.

एक गोष्ट कधीच करू नका: गरम टायरमध्ये ३८ दिसतंय म्हणून हवा सोडून ३३ करणं. रात्री टायर थंड झाला की तो २८-२९ वर येईल.

## हवामानाने दाब किती बदलतो?

बंद जागेतली हवा गरम झाली की तिचा दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो. हे आपण अकरावी-बारावीला शिकलोय. समजा तुम्ही मुंबईत ३० अंश सेल्सिअसला ३३ पीएसआय भरले. हवा गळली नाही असं धरलं, तर आतल्या हवेच्या तापमानानुसार आकडे असे येतात:

- १० अंश: सुमारे ३० पीएसआय
- २० अंश: सुमारे ३१.५ पीएसआय
- ३० अंश: ३३ पीएसआय
- ४० अंश: सुमारे ३४.५ पीएसआय
- ६५ अंश (उन्हाळ्यात हायवेवर तापलेला टायर): सुमारे ३८.५ पीएसआय

म्हणजे दर १० अंशांना साधारण दीड पीएसआय. ऑक्टोबरच्या उकाड्यात हवा भरून पुन्हा बघितलीच नाही आणि डिसेंबरात निफाड-नाशिककडे पहाटे गाडी काढली, तर पंक्चर नसतानाही ३ पीएसआय गेलेले असतात. त्यात रबरातूनही हवा हळूहळू झिरपते. चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक पीएसआयपर्यंत हवा जाऊ शकते. दोन्ही मिळून दोन महिन्यांत ३३ चे २८ होतात आणि बाहेरून बघून काहीही कळत नाही. आजच्या रेडियल टायरची भिंत तशीही थोडी फुगलेली दिसते. पायाने लाथ मारून किंवा डोळ्यांनी बघून हवा तपासता येत नाही.

## 'उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी' हे खरं आहे का?

नाही. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा.

यामागचा तर्क वरवर पटणारा आहे: उष्णतेने हवा फुगते, मग टायर फुटेल, म्हणून आधीच कमी भरा. पण चांगल्या अवस्थेतला टायर ३३ चे ३८-३९ झाले म्हणून फुटत नाही. दाबातली ही वाढ धरूनच स्टिकरवरचा 'थंड' आकडा ठरवलेला असतो. साइडवॉलवरची कमाल मर्यादासुद्धा थंड टायरचीच असते.

टायर फुटतो तो मुख्यतः आतल्या उष्णतेने कमकुवत झाल्यामुळे. आणि ती उष्णता वाढते कमी हवेमुळे.

कसं ते बघा. वर दिलेल्या १८५/६५ आर१५ टायरचा घेर साधारण १.९५ मीटर आहे. समृद्धीवर कारची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. त्या वेगाला टायर सेकंदाला सुमारे १७ वेळा फिरतो, तासाला साधारण ६१ हजार वेळा. प्रत्येक फेरीत भिंतीचा प्रत्येक भाग एकदा वाकतो आणि सरळ होतो. लोखंडी तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवली की ती गरम होते, तसंच हे. हवा कमी असेल तर भिंत प्रत्येक वेळी जास्त वाकते. मे महिन्यात बाहेर ४४ अंश आणि खाली तापलेला रस्ता असताना ही उष्णता बाहेर पडायलाही वेळ लागतो. रबर आणि आतल्या स्टीलच्या पट्ट्या यांची जोडणी कमकुवत होते, शेवटी वरचा थर सुटतो किंवा भिंत फाटते.

शहरात ३०-४० च्या वेगाने हाच टायर महिनोन्‌महिने त्रास देत नाही. म्हणूनच लोक म्हणतात, "इतके दिवस काही झालं नाही." समृद्धी ७०१ किलोमीटर लांब आहे, ना सिग्नल ना गर्दी. टायरला थंड व्हायला वेळच मिळत नाही. योग्य हवेबरोबर दर दीड-दोन तासांनी थांबणं हे टायरसाठीही चांगलं आणि ड्रायव्हरसाठीही.

## चार पीएसआयवरून झालेला वाद: फायरस्टोनचं प्रकरण

हा मुद्दा पुस्तकी वाटत असेल तर अमेरिकेतलं एक प्रकरण बघा. १९९० च्या दशकात फोर्डच्या एक्सप्लोरर एसयूव्हीवरचे फायरस्टोनचे काही टायर वेगात असताना थर सुटून निकामी होऊ लागले आणि गाड्या उलटू लागल्या. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. या अपघातांशी दोनशेहून जास्त मृत्यू जोडले गेले.

पुढे दोन्ही कंपन्यांत जो वाद झाला त्यातला एक मुद्दा हवेचा होता. फोर्डने २६ पीएसआय सुचवलं होतं, तर फायरस्टोनने नंतर ३० ठेवायला सांगितलं. सरकारी तपासात टायरच्या रचनेतला दोष पुढे आला, त्यामुळे सगळं खापर हवेवर फोडता येणार नाही. पण कमी हवा, जास्त वेग आणि उष्ण हवामान एकत्र आलं की कमकुवत टायरचं काय होतं, हे जगाला तिथे दिसलं. त्याच वर्षी अमेरिकेत ट्रेड ॲक्ट हा कायदा झाला आणि त्यातूनच पुढे कारमध्ये टीपीएमएस सक्तीचं झालं.

## जास्त हवा भरली तर?

'मग ४० भरून टाकू, प्रश्नच मिटला' असंही नाही. जास्त हवेने टायर मधोमध फुगतो, रस्त्याला टेकणारं 'पोस्टकार्ड' लहान होतं. मधला भाग लवकर झिजतो. गाडी खड्ड्यांवर आदळते, उड्या मारते आणि खडबडीत किंवा ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. कडक टायर खड्ड्याच्या धारेवर जोरात आपटला, तर आतल्या दोऱ्या तुटून भिंतीला फुगवटा येण्याची शक्यता वाढते. असा फुगवटा दिसला तर टायर बदलायचाच, दुरुस्ती नाही.

झीज बघून निदानही करता येतं. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य चांगला, तर हवा कमी राहत होती. मध्य झिजला आणि कडा चांगल्या, तर हवा जास्त होती. एकच कड झिजली, तर हवेचा नाही, अलाइनमेंटचा प्रश्न.

मायलेजचं म्हणाल तर अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार चारही टायरचा सरासरी दाब १ पीएसआयने कमी झाला की मायलेज सुमारे ०.२ टक्के घटतं. म्हणजे ५ पीएसआय कमी असेल तर १ टक्का. पैशांत हे फार नाही. खरा तोटा लवकर झिजणाऱ्या टायरचा आणि धोक्याचा आहे.

## पावसाळ्यात काय करायचं?

'पावसात पकड मिळावी म्हणून हवा थोडी कमी करा' हाही सल्ला चुकीचा. रस्त्यावर साचलेल्या पाण्यावरून वेगात गेलं, तर टायर पाणी बाजूला सारू शकत नाही आणि त्यावर तरंगतो. याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात. त्या क्षणी स्टीअरिंग आणि ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात.

नासाने विमानांच्या टायरवर केलेल्या चाचण्यांतून एक सूत्र आलं: हा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्या सूत्राने ३३ पीएसआयला साधारण ताशी ९६ किलोमीटर येतात आणि २५ पीएसआयला साधारण ८३. कारच्या टायरला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, टायरच्या खाचा आणि पाण्याची खोली खूप फरक करतात. पण दिशा स्पष्ट आहे: हवा कमी तर टायर कमी वेगालाच तरंगायला लागतो. पावसाळ्याआधी खाचांची खोलीही बघा. कारसाठी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की बदलायची वेळ झाली.

## पंपावरच्या मीटरवर किती विश्वास ठेवायचा?

पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळते, ती जरूर घ्या. पण मशीनचा पाइप दिवसभर आपटत असतो, मीटर नेहमी अचूक असेलच असं नाही. मी नागपूरहून आल्यावर एक साधा डिजिटल गेज घेतला. पहिल्यांदा मोजलं तेव्हा 'चारही ३३' भरून आणलेल्या टायरमध्ये ३६, ३३, ३५ आणि ३० होतं.

मग सवयीप्रमाणे मी एक शीट उघडली आणि दर रविवारी सकाळी आकडे टाकायला लागलो. तिसऱ्या आठवड्यात दिसलं की तीन टायर जवळपास स्थिर आहेत आणि मागचा डावा दर आठवड्याला २ पीएसआय खातोय. पंक्चरवाल्याकडे नेला तर छोटा स्क्रू रुतलेला निघाला. ट्यूबलेस टायर असल्यामुळे हवा एकदम गेली नव्हती. गेज नसता तर मी पंपावर हवा भरत राहिलो असतो.

तर, तीन-चारशे रुपयांत मिळणारा गेज घ्या. जमल्यास लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा इन्फ्लेटर घ्या, म्हणजे घरीच थंड टायरमध्ये हवा भरता येते. एका टायरची हवा बाकीच्यांपेक्षा सतत जास्त उतरत असेल, तर व्हॉल्व्ह आणि रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा.

## माझ्या गाडीत टीपीएमएस आहे, मग तपासायची गरज आहे का?

आहे. टीपीएमएस म्हणजे टायरमधल्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा. तिचे दोन प्रकार आहेत.

डायरेक्ट प्रकारात प्रत्येक चाकात सेन्सर असतो, तो रेडिओ सिग्नलने दाब कळवतो. स्क्रीनवर चारही आकडे दिसतात. सेन्सरची बॅटरी काही वर्षांनी संपते.

इनडायरेक्ट प्रकारात दाब मोजणारा सेन्सरच नसतो. हवा कमी झालेल्या चाकाची त्रिज्या किंचित कमी होते, त्यामुळे ते बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त फिरतं. एबीएसचे सेन्सर चाकांचा वेग मोजतच असतात, सॉफ्टवेअर त्यातला फरक पकडतं. कल्पना सुंदर आहे, पण चारही टायरची हवा सारखीच कमी झाली तर साध्या तुलनेत फरक दिसत नाही. शिवाय हवा भरल्यावर रीसेट करावं लागतं. चुकीच्या दाबावर रीसेट केलं, तर सिस्टीम त्यालाच बरोबर समजते.

अमेरिकेतल्या नियमानुसार दाब शिफारशीपेक्षा २५ टक्के कमी झाला की इशारा मिळाला पाहिजे. ३३ च्या २५ टक्के कमी म्हणजे जवळपास २५ पीएसआय. म्हणजे फक्त दिव्याच्या भरवशावर राहिलात, तर २७-२८ वर आरामात महिनोन्‌महिने गाडी चालवाल. तो दिवा धोक्याची घंटा आहे, महिन्याच्या तपासणीला पर्याय नाही.

## नेहमीचे काही प्रश्न

नायट्रोजन भरावा का?
साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि जरा हळू झिरपतो. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने टायर ३० पीएसआयला भरून वर्षभर नुसते बाहेर ठेवले, तेव्हा हवा भरलेल्यांतून सरासरी ३.५ आणि नायट्रोजनवाल्यांतून २.२ पीएसआय कमी झाले. फरक आहे, पण छोटा. उष्णतेने नायट्रोजनचाही दाब जवळपास तेवढाच वाढतो. फुकट मिळाला तर घ्या, पण त्याच्या भरवशावर तपासणी सोडू नका. नायट्रोजनमध्ये साधी हवा मिसळली तरी काही बिघडत नाही.

महाबळेश्वरला चढल्यावर प्रेशर बदलतं का?
हो, पण चिंता नको. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथे बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्यामुळे गेज सुमारे २ पीएसआय जास्त दाखवतो. वर गारवा असल्याने त्यातला काही भाग कमीही होतो. हवा सोडू नका.

मोठे अलॉय आणि रुंद टायर टाकलेत, आता किती?
स्टिकरवरचा आकडा मूळ मापासाठी असतो. नवीन टायरचा लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको, आणि प्रेशर टायर कंपनीच्या लोड टेबलवरून काढून घ्यायला सांगा. 'सगळे टाकतात तेवढं' हे उत्तर इथे सगळ्यात महागात पडतं.

स्टेपनीत किती?
नेहमीच्या मापाची असेल तर स्टिकरवरचा सगळ्यात वरचा आकडा ठेवा, लागेल तेव्हा कमी करता येतो. बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावरच आकडा लिहिलेला असतो, बरेचदा ६० पीएसआय. ती लावून ताशी ८० च्या वर जायचं नाही. २०२० पासून भारतात ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचं किट आणि टीपीएमएस असलेल्या कारला स्टेपनी न देण्याची मुभा आहे. गाडीत नक्की काय आहे ते घरीच बघून ठेवा, हायवेवर नको.

हवा बरोबर आहे, पण टायर जुना आहे. चालेल का?
रबर वयानुसार कडक होतं, गाडी कमी चालली असली तरी. साइडवॉलवर चार आकडे असतात: ३५२२ म्हणजे २०२२ चा ३५ वा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढच्या टायरला चिरा दिसत असतील, तर कितीही अचूक हवा भरली तरी तो लांबच्या प्रवासाचा टायर नाही.

## निघण्याआधीची पाच मिनिटं

१. आदल्या रात्री दार उघडून स्टिकरचा फोटो काढून ठेवा.
२. सकाळी गाडी हलवण्याआधी चारही टायर आणि स्टेपनी मोजा.
३. माणसं आणि सामान मोजून योग्य रकाना निवडा. परत आल्यावर रोजचा आकडा करायला विसरू नका.
४. टायरच्या आतल्या बाजूनेही हात फिरवून फुगवटा, चीर, खिळा बघा.
५. व्हॉल्व्हच्या टोप्या परत लावा. टीपीएमएस इनडायरेक्ट असेल तर रीसेट करा.

नागपूरला जाताना आम्ही पहाटे पुढे ३३ आणि मागे ३६ करून निघालो. बाबांना पटलं नव्हतं, ते सिंदखेडराजापर्यंत दर थांब्याला टायरला हात लावून बघत होते. त्यातही तथ्य होतं म्हणा, एखादा टायर बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला तर काहीतरी बिघडलंय हे कळतं. आता त्यांच्या फोनमध्येही त्या स्टिकरचा फोटो आहे. पंपावर "किती टाकू?" विचारलं की ते फोटोच पुढे करतात.